पेगने दार उघडले

मित्रांनो, माझ्या अंगाला आंबट वास येतो, हे आधीच सांगून टाकते. माझा डबा उघडला की लोणचे बिघडलेल्या बरणीत नाक घातल्यासारखे वाटते. त्याला माझा इलाज नाही. जुन्या फिल्म्सना म्हातारपणी जडणारा हा रोग आहे. मी काळी-पांढरी, तीन रिळांची, तुमच्या आजी-आजोबांच्या वयाची एक फिल्म आहे. माझ्या अंगावर एक गोष्ट छापलेली आहे आणि त्या गोष्टीत एक भ्यालेले गाव आहे.

माझा जन्म इंग्लंडमधला. लंडनजवळच्या एका लहान स्टुडिओत थोड्याशा माणसांनी मला घाईघाईने तयार केले. सगळा मामला काटकसरीचा होता. गाव म्हणून चारच घरे उभी केली होती. तीच पुढून दाखवायची आणि मग मागून दाखवायची, की झाली आठ. चर्चचा मनोरा फळीवर रंगवलेला होता. धुके हवे असले की दोन माणसे कॅमेऱ्याखाली ओले गवत पेटवत आणि सगळे नट खोकत सुटत. खुनी किंवा भूत उभे करण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणून गोष्ट लिहिणाऱ्याने एक युक्ती केली. माझ्यात भीती दिसतच नाही. फक्त तिन्हीसांजेला दारावर थाप पडते.

थाप पडते आणि बाहेर पाहावे तर कोणी नसते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी तसेच. खरे तर त्या सैल झालेल्या फळ्या असतात, वाऱ्याने आपटणाऱ्या. पण गाव भिऊन जाते. शेजारी शेजाऱ्याला दूध देईनासा होतो. परगावाहून आलेल्या एका गरीब घड्याळजीवर सगळ्यांचा संशय बसतो आणि त्याला गावाबाहेर हाकलून देतात. तरी थाप पडतच राहते. शेवटी पेग नावाची एक मोलकरीण पुढे होते. तिला कोणी कधी काही विचारलेले नसते. ती कडी काढते आणि दार उघडते. बाहेर तोच घड्याळजी उभा असतो, भिजलेला, तापाने फणफणलेला. आता थाप मारणारा तो असतो, आसरा मागायला. पेग त्याला म्हणते, "आत या. बाहेर फार गार आहे." तिथे मी संपते.

पेगचे काम करणारी मुलगी नटी नव्हतीच. तिचे नाव नोरीन. आयर्लंडमधल्या पोर्टलीशजवळच्या एका खेड्यातून ती इंग्लंडला पोट भरायला आली होती आणि स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये चहा द्यायची. ठरलेली नटी ऐनवेळी आजारी पडली. दिग्दर्शकाने डोके धरले, वर पाहिले, तर समोर चहाचा ट्रे घेऊन नोरीन. "तुला दार उघडता येतं का?" त्याने विचारले. "दार कुणाला उघडता येत नाही?" ती म्हणाली. अशी ती माझ्यात आली.

मोठ्या चित्रपटाच्या आधी दाखवायचा छोटा चित्रपट म्हणून मी काही आठवडे लंडनमध्ये चालले. एका वर्तमानपत्राने माझ्यावर दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक चांगली होती. नोरीन पुढे मायदेशी परतली आणि फिंटन नावाच्या माणसाशी तिने लग्न केले. फिंटनकडे एक गाडी आणि एक प्रोजेक्टर होता. चर्चच्या सभागृहांतून तो गावोगाव चित्रपट दाखवायचा. बायको ज्यात आहे ती फिल्म आपल्याकडे हवीच, म्हणून त्याने कुठूनशी माझी ही प्रत मिळवली.

ती माझी खरी कामाची वर्षे. केवढे सुख होते ते! ओल्या कोटांचा वास, लाकडी बाके आणि माझ्या उजेडात वर केलेले चेहरे. थाप पडली की बायका एकमेकींचे हात धरायच्या. चित्रपट सुटल्यावर कोणी एकटे घरी जायचे नाही, घोळक्याने जायचे. नोरीन कायम शेवटच्या बाकावर बसायची. पेगने दार उघडले की सगळे सभागृह मागे वळून तिच्याकडे पाहायचे आणि ती लाजून चूर व्हायची.

मग घरोघर टीव्ही आला. सभागृहे ओस पडली. फिंटनने गाडी विकली आणि दोघे डब्लिनजवळ ल्यूकनला राहायला गेले. मला आणि प्रोजेक्टरला माळ्यावर ठेवले. उन्हाळ्यात कौले तापायची, थंडीत सगळे गोठायचे. फिंटन वारला, तेही मला खालच्या रडण्यावरून कळले. कोणी डबा उघडेना. मी आतल्या आत आकसू लागले, आंबट होऊ लागले. तक्रार नाही करत, मित्रांनो. पण विसरले जाणे म्हणजे काय, ते मी तिथे शिकले.

आता दोन हजार वीस सालाकडे येते.

ल्यूकनची घरे जोडीजोडीने बांधलेली असतात. दोन घरांत एकच भिंत असते. नोरीनच्या भिंतीपलीकडे एक मराठी कुटुंब राहत होते. गुरुनाथ क्लोनडॉकिनच्या एका औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्याची बायको क्षितिजा सरकारी रुग्णालयात डॉक्टर होती. फेब्रुवारीत गुरुनाथची आई प्रभाबाई इस्लामपूरहून तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या. पाचवारी साडी, त्यावर मुलाचे जाडजूड जाकीट आणि पायात कॅनव्हासचे बूट, अशा थाटात त्या मागच्या बागेत फेऱ्या मारायच्या. इंग्रजी त्यांना येत नव्हते. तरी नोरीनशी त्यांचे जमले. दोन्ही बागांमध्ये खांद्याएवढे लाकडी कुंपण होते आणि त्याला एक लहानसे दार. फिंटननेच ते पूर्वी केले होते. त्या दारातून इकडून स्कोन नावाचे गोडसर पाव जायचे, तिकडून बेसनाचे लाडू यायचे. "ग्रँड," म्हणजे झकास, असे नोरीन म्हणायची. "गरान," प्रभाबाई म्हणायच्या.

मग तो आजार आला. विमाने बंद झाली, प्रभाबाई अडकल्या. सत्तरीपुढच्या माणसांनी घराबाहेर पडू नये, असे सरकारने सांगितले. नोरीन ऐंशीची होती आणि तिची छाती आधीच नाजूक होती. क्षितिजा कोविडच्या वॉर्डात काम करते, हे कळले त्या दिवशी नोरीनने कुंपणाच्या दाराला आपल्या बाजूने कडी घातली. त्यानंतर ती बागेत आली नाही.

ती कडी प्रभाबाईंच्या मनाला फार लागली. "वाळीत टाकलं बग आपल्याला," त्या लेकाला म्हणाल्या.

"आई, त्या घाबरल्यात गं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं."

"आमी न्हाई केलं असतं," प्रभाबाई म्हणाल्या. पण त्या स्वतःही घाबरलेल्या होत्या. दाराच्या मुठी पुसायच्या, दुधाची पिशवी धुवायच्या, सुनेच्या गाडीचा आवाज आला की आतल्या खोलीत जायच्या. दोघी आपापल्या खिडकीतून एकमेकींना पाहायच्या आणि पडदा ओढून घ्यायच्या. माझ्यातले गाव पुन्हा उभे राहिले होते. या वेळी खऱ्या विटांचे.

उन्हाळा सरत आला होता. नोरीनचा मुलगा ऑस्ट्रेलियात. तो फोन करायचा, पण फोन ठेवला की घर आणखीच रिकामे व्हायचे. एका दुपारी तिच्या मनाने घेतले, की मला पेगला बघायचेय. माळ्याची शिडी लावून ती वर चढली. कितीतरी वर्षांनी माझ्या डब्यावर बोटे फिरली. तिने मला छातीशी धरले, ती शिडीकडे वळली आणि तिचा पाय शिडीला लागला. शिडी घसरली आणि खाली दाणकन पडली.

ती हाका मारून थकली. फोन खाली स्वयंपाकघरात राहिला होता. कौलांखाली उकाडा मी म्हणत होता. तिचा श्वास लागायला लागला. शेवटी ती मधल्या भिंतीपाशी सरकली आणि तिने मूठ आपटली. थप, थप, थप.

पलीकडे प्रभाबाई एकट्याच होत्या. पुढचे मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकले. भर दुपारी रिकाम्या माळ्यातून थाप ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. "कोन हाय?" त्या भिंतीला म्हणाल्या. पुन्हा थाप. त्यांनी गुरुनाथला फोन लावला, पण कारखान्यात फोन कपाटात ठेवून आत जावे लागते. क्षितिजाला लावला, तीही उचलेना. मग त्यांना भिंतीतून खोकला ऐकू आला आणि भूत खोकत नसते, हे त्यांच्या ध्यानात आले.

आता खरी भीती पुढे होती. जावे तर आपल्या अंगावरून आजार त्या म्हातारीपर्यंत जायचा. न जावे तर ती वर गुदमरायची. कुणाला विचारावे, तर भाषा येत नाही. प्रभाबाईंनी हात साबणाने चोळून धुतले, एकावर एक दोन मास्क बांधले, वरून पदर गुंडाळला. नोरीनचे पुढचे दार कायम बंद असायचे आणि कुंपणाच्या दाराला पलीकडून कडी होती. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची लावली, साडी खोचली आणि अडुसष्टाव्या वर्षी कुंपणावरून उडी मारली. गुलाबाच्या झुडपात पडल्या. मागचे दार नुसते लोटलेले होते.

माळ्याच्या चौकटीतून नोरीनने खाली पाहिले, तर डोळ्यांपर्यंत कापड गुंडाळलेली बाई आणि तिच्या कोपरातून रक्त. ती क्षणभर मागेच सरली. मग तिने कॅनव्हासचे बूट ओळखले.

"थांबा बाई, हलू नगासा," प्रभाबाईंनी शिडी उचलून लावली. "मी धरते. या खाली."

नोरीनने आधी मला खाली दिले. त्या दोन हातांनी मला घेतले, वास आला तसे नाक मुरडले आणि तरीही जपून बाजूला ठेवले. मग ती एकेक पायरी उतरली. खाली येताच प्रभाबाई दूर जाऊन उभ्या राहिल्या. नोरीनने छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. प्रभाबाईंनी पाण्याचा ग्लास भरून जमिनीवर ठेवला आणि तिने घातलेली कडी आपण काढायची नाही म्हणून आल्या वाटेने, खुर्चीविना, कसेबसे कुंपण चढून परत गेल्या.

संध्याकाळी पलीकडच्या घरात वादळ झाले. "आई, सिरियसली, मी रोज कुठून येते माहितीये ना तुम्हाला?" क्षितिजाचा आवाज भिंतीतूनही ऐकू येत होता. "त्यांना काही झालं असतं म्हणजे? मला फोन करायचात."

"केला की. तू उचलला न्हाईस."

"मग थांबायचं ना थोडं!"

"ती वर तडफडत बसलीया, आन मी खाली थांबू?"

क्षितिजाने औषधांचा डबा उघडला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हाताला औषध लावू द्या."

तीन-चार दिवसांनी नोरीनला खोकला सुरू झाला. कोरडा, रात्रंदिवस चालणारा. मी स्वयंपाकघराच्या प्रेसमध्ये होते. प्रेस म्हणजे इथले कपाट. तिथून मला तो ऐकू यायचा आणि भिंतीपलीकडे प्रभाबाईंनाही. त्यांनी जेवण टाकले. "मी नेलं. माज्या हातानं नेलं," एवढेच त्या म्हणायच्या. क्षितिजा पुढच्या बाजूने जाऊन नोरीनच्या खिडकीखाली उभी राहिली, तिने काचेतून तिची विचारपूस केली, तपासणीची व्यवस्था केली. मग वाट पाहणे आले. माळ्यावर मी कित्येक वर्षे काढली, पण ते दोन दिवस मला जास्त लांब वाटले.

निकाल आला. आजार नव्हता. माळ्यावरची धूळ होती, माझीच, इतक्या वर्षांची साठलेली. गुरुनाथने बातमी सांगितली तेव्हा प्रभाबाई बागेतल्या ओल्या गवतावरच बसल्या आणि त्यांनी आकाशाला हात जोडले. खिडकीत नोरीन उभी होती. तिला काय सुचले कोण जाणे, तिनेही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिने गुरुनाथला खिडकीतून विचारले, "तू इंजिनिअर आहेस ना? एक यंत्र आहे. बघशील का?"

मास्क लावून गुरुनाथने माळ्यावरून प्रोजेक्टर उतरवला. त्याचा रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. त्याने शिलाई मशीनचा पट्टा बसवला, नवा दिवा मागवला, एकेक चाक पुसले. मग त्याने माझे रीळ उलगडून उजेडात धरले आणि त्याचा चेहरा उतरला. "ही फिल्म आकसलीय," तो म्हणाला. "कडेची भोकं यंत्राच्या दातांत नीट बसणार नाहीत. एकदाच चालेल, तेही चाललीच तर. शेवटचं रीळ तर फारच खराब आहे. नाही लावली तर निदान डब्यात राहील."

मित्रांनो, माझ्या जिवाचा प्रश्न होता, पण मला कोण विचारणार? मला विचारले असते तर मी तेच म्हटले असते, जे नोरीन म्हणाली.

"डब्यात तर ती होतीच की इतकी वर्षं. लाव बाळा. माझंही शेवटचं रीळच चाललंय."

सप्टेंबरच्या सुरुवातीला, एका कोरड्या संध्याकाळी, नोरीनच्या वरच्या खिडकीतून पांढरी चादर खाली सोडली. प्रोजेक्टर तिच्या बागेत टेबलावर ठेवला. कुंपणाच्या अलीकडे ती खुर्चीत बसली, पलीकडे प्रभाबाई आणि क्षितिजा उंच स्टुलांवर. अंधारून आले आणि गुरुनाथने कळ दाबली.

मी पुन्हा चालू लागले! अंग दुखत होते, भोके फाटत होती, पण उजेड माझ्यातून आरपार जात होता आणि समोर वर केलेले चेहरे होते. पहिली थाप पडली तशा प्रभाबाईंनी सुनेचा हात गच्च धरला. त्यांना एक अक्षर कळत नव्हते आणि सगळे कळत होते. घड्याळजीला हाकलले तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "आरं, त्यानं काय केलंय तुमचं?" नोरीनने वळून पाहिले. माझ्या कामाच्या वर्षांत कोणत्याही सभागृहाने मला याहून चांगली दाद दिली नव्हती.

शेवटचे रीळ लागले. थाप पडली. पेग उठली. चादरीवर सतरा वर्षांची नोरीन दाराकडे चालत गेली. तिचा हात कडीकडे गेला आणि मी तुटले.

चादर पांढरीफटक झाली. गुरुनाथने मला सोडवायचा प्रयत्न केला, पण दातांत अडकून माझे तुकडे झाले होते. "गेली," तो हळूच म्हणाला. "सॉरी, नोरीन."

 मग कुंपणापलीकडून प्रभाबाईंचा आवाज आला. "मंग? उगाडलं का न्हाई तिनं?"

नोरीनला शब्द कळले नसतील, प्रश्न कळला. ती खुर्चीतून उठली. प्रोजेक्टरच्या उजेडात ती सावकाश कुंपणाच्या दाराकडे गेली आणि तिथे थांबली, पेग थांबायची तशी, मान किंचित तिरपी करून, कान देऊन. प्रभाबाईंना ते कळले. मग त्या स्टुलावरून उतरल्या, दारापाशी गेल्या आणि त्यांनी फळीवर मूठ आपटली. थप, थप, थप.

नोरीनचा हात कडीवर गेला. आता हे नाटक नव्हते. मार्चपासून गंजलेली कडी करकरत सरकली. दार उघडले. पलीकडे साडीवर जाकीट घातलेल्या प्रभाबाई नियमाप्रमाणे दोन पावले मागे सरून उभ्या होत्या.

"आत या," नोरीन म्हणाली, पेगच्याच आवाजात. "बाहेर फार गार आहे."

दोघी तशाच उभ्या राहिल्या, मध्ये उघडे दार. कोणी कोणाला शिवले नाही. क्षितिजा इतक्या महिन्यांची थकलेली होती. ती दोन्ही हातांत तोंड झाकून रडली. गुरुनाथ प्रोजेक्टर बंद करायला विसरला आणि मी टेबलावर तुकडे होऊन पडले होते. पण खोटे कशाला सांगू, इतकी भाग्यवान मी कधीच नव्हते.

पुढच्या काळात पुन्हा कडक निर्बंध आले. दोघी आपापल्या बागेत बसून बोलायच्या, पण त्या दाराला परत कडी लागली नाही. प्रभाबाई रोज फोनवर इस्लामपूरच्या बहिणीशी बोलायच्या. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय होती, त्यामुळे मला प्रेसमध्ये सगळे ऐकू यायचे. त्यांनी तिला माझी सगळी गोष्ट सांगितली. त्यांच्या सांगण्यात घड्याळजी भांड्यांना कल्हई करणारा झाला, चर्चचे देऊळ झाले आणि पेग दार उघडून म्हणाली, "ये बाबा आत, च्या टाकते." मला ते फार आवडले. मी आठ घरांच्या गावातून निघून इतक्या लांब जाईन, असे मला बनवणाऱ्यांना स्वप्नातही वाटले नसेल.

दोन हजार एकवीसच्या वसंतात नोरीनला लस मिळाली आणि तिने मला डब्लिनमधल्या जुन्या चित्रपटांचे जतन करणाऱ्या लोकांकडे दिले. गुरुनाथने मला मांडीवर धरून गाडीतून नेले. तिथल्या बाईने माझा एकेक तुकडा हातमोजे घालून उलगडला आणि माझी नवी प्रत काढली. शेवटचा मिनिटभराचा भाग तेवढा राहिला. तो वाचवण्यापलीकडे गेला होता. शरद ऋतूत प्रभाबाई घरी परतल्या. त्याआधी दोघी बसने मला पाहायला आल्या होत्या. माझ्या डब्याशी उभ्या राहून प्रभाबाई म्हणाल्या, "वास अजून तसाच हाय की गं तुजा." नोरीन खो-खो हसली.

मी आता थंड, कोरड्या खोलीत असते. पुन्हा कधी चालणार नाही. वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर, पलंगाखाली, कपाटाच्या तळाशी एखादी जुनी फिल्म, कॅसेट किंवा फोटोंचा गठ्ठा असेल. कृपा करून त्याला ऊन आणि ओल लागू देऊ नका. पण नुसते जपून ठेवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, ते उघडा आणि विचारा, "यात कोण आहे? मग पुढे काय झालं?" आम्ही पुष्कळ काही सांभाळतो, पण सगळे नाही. आमच्यात जे तुटलेले असते, ते कोणाला तरी अजून पाठ असते. ती माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. मला कोणीतरी वेळेवर विचारले, म्हणून मी आज समाधानाने डब्यात पडून आहे.